पूर आला, मासा कुठे गेला?

मे-जून महिन्यांत पहलगामला लिद्दर नदीच्या काठी उभे राहा. काश्मीरच्या डोंगरांवरचे बर्फ वितळत असते. पाणी गढूळ, बर्फगार आणि आवाज असा, की शेजारच्याचे बोलणे ऐकू येऊ नये. अशा पाण्यात एखादा माणूस गळाला माशी बांधून ट्राउट मासा पकडू पाहतो! (माशी खरी नव्हे बरे का; गळाच्या आकड्यावर पिसे व दोरा गुंडाळून केलेली.) हा ट्राउटही मूळचा इथला नाही. त्याची अंडी १९००च्या सुमारास ब्रिटनमधून आणली गेली.

नवखा माणूस माशी नदीच्या मध्यावर फेकतो. तिथेच तो चुकतो. का, ते हिशेब करून पाहा. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो आणि त्यापुढे एका जागी टिकायला माशाला दर सेकंदाला सुमारे आठपट शक्ती खर्चावी लागते. इतकी चैन त्याला कशी परवडेल? मग तो काठाशी येतो. तळ आणि काठ यांच्या घर्षणाने तिथले पाणी मंदावलेले असते. शिवाय काठावरून वाहून आलेले किडे, गांडुळेही तिथेच मिळतात. मोठ्या दगडाचा आडोसाही त्याला चालतो. २००३ साली अमेरिकेत शास्त्रज्ञांनी वाहत्या पाण्यात अर्धगोल खांब उभा करून त्यामागे ट्राउट सोडले. खांबामागच्या भोवऱ्यांच्या तालावर मासे अंग डोलवत राहिले, आणि त्यांच्या स्नायूंना मोकळ्या प्रवाहातल्यापेक्षा कमी काम पडले!

म्हणून जाणता मासेमार पाण्यात उतरतच नाही. उतरला तर माशांच्या घरातच पाय पडायचा; आणि चौपट जोराचा नियम माणसाच्या पायांनाही लागू आहे. गुडघ्यावरचे वेगवान पाणी धडधाकट माणसालाही आडवे करते. तो काठावरूनच, आखूड दोरीने, माशी अगदी जवळ टाकतो. माशी मोठी, जड आणि काळी. गढूळ पाण्यात काळी कशाला? वरच्या उजेडापुढे तिची आकृती उठून दिसते म्हणून. शिवाय अंगाच्या दोन्ही बाजूंवरील पार्श्वरेषेने माशाला पाण्याची हालचाल जाणवते, तीही मोठ्या माशीची अधिक. वेळ तो सकाळची निवडतो. रात्रीच्या थंडीत बर्फ कमी वितळते, त्यामुळे डोंगराजवळ सकाळी पाणी उतरलेले असते.

पुराच्या नदीवर तुम्ही जाऊ नका. पाऊस पडून गेल्यावर शाळेच्या मैदानातल्या उथळ ओहोळात एक वीट ठेवा आणि वरच्या बाजूने कागदाचे कपटे सोडा. कोणते कपटे विटेमागे थांबतात, ते पाहा.