अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांची घरची शुश्रूषा : सरकारी मदत कोठे मिळते?

परवा दवाखान्यात एक गृहस्थ आले. त्यांच्या वडिलांना पक्षाघाताचा झटका येऊन चार महिने झाले होते. उजवी बाजू लुळी, बोलणे अस्पष्ट, लघवी-शौच अंथरुणातच. मुलगा दुकानात नोकरीला, सून रात्रंदिवस सेवेत. "डॉक्टर, औषधांचे मी कसेही बघेन. पण दिवसा सांभाळायला बाई ठेवली तर निम्मा पगार तिलाच जाईल. सरकार यासाठी काही देते का हो?" असे त्यांनी विचारले. हा प्रश्न आज अनेक घरांत आहे, म्हणून या आठवड्यात त्याचाच विचार करू.

प्रथम खरे ते सांगतो. घरी वृद्धाला सांभाळणाऱ्या माणसाचा पगार देणारी, सर्वांना लागू असलेली योजना महाराष्ट्रात नाही. जर्मनीत १९९५ पासून शुश्रूषेचा विमा आहे. तेथे घरच्याच माणसाने सेवा केली तरी ठरावीक मासिक रक्कम मिळते. आपल्या देशात केरळने २०१० मध्ये 'आश्वासकिरणम्' ही योजना सुरू केली. तीत अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची सेवा करणाऱ्याला दरमहा ६०० रुपये ठरवले गेले. रक्कम लहान असली, तरी सेवा करणारीचे कष्ट सरकारदरबारी मोजले गेले, हे महत्त्वाचे.

आपल्याकडे मदत आहे, पण ती तुकड्यातुकड्यांनी. कोणता तुकडा कोठे मिळतो हे ठाऊक नसल्यामुळे बरीच कुटुंबे हात हलवत परत येतात.

मासिक अर्थसाहाय्य

वय ६५ वर्षे पूर्ण असेल तर 'श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना', आणि त्याहून कमी वयात पक्षाघात, कर्करोग यांसारख्या आजाराने काम करणे अशक्य झाले असेल तर 'संजय गांधी निराधार अनुदान योजना'. दोन्हींत २०२३ पासून दरमहा १५०० रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयात करायचा. मात्र कुटुंबाचे नाव दारिद्र्यरेषेखालील यादीत असावे किंवा वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे, अशी अट आहे. मुलगा कमावता असेल तर ही अट बहुधा आडवी येते. पण म्हातारा-म्हातारी वेगळे राहत असतील, किंवा कमावते कोणीच नसेल, त्यांनी अर्ज जरूर करावा.

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र

हात-पाय कायमचे लुळे पडले असतील तर ते दिव्यांगत्वच होय. "म्हातारपणी कसले प्रमाणपत्र?" म्हणून लोक ते काढत नाहीत. जिल्हा रुग्णालयात तपासणी होऊन ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व ठरले तर त्याचा उपयोग होतो. वरील दोन योजनांतील दिव्यांग लाभार्थ्यांना दरमहा २५०० रुपये देण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२५ मध्ये घेतला.

उपयोगी साधने

आधाराची काठी, वॉकर, चाकाची खुर्ची, शौचाची खुर्ची, कमरेचा पट्टा ही साधने सेवेचे निम्मे ओझे हलके करतात. राज्याच्या 'मुख्यमंत्री वयोश्री योजने'त (२०२४) ६५ वर्षांवरील व्यक्तीला अशा साधनांसाठी एकदाच ३००० रुपये बँक खात्यात देण्याची तरतूद आहे. येथे उत्पन्नाची मर्यादा वर्षाला दोन लाख आहे, म्हणजे साध्या नोकरदाराचे घरही तीत बसू शकते. चौकशी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात करावी व खरेदीची पावती जपून ठेवावी. केंद्राच्या 'राष्ट्रीय वयोश्री योजने'त (२०१७) शिबिरे भरवून गरजू ज्येष्ठांना साधने मोफत दिली जातात.

कार्डाबद्दल एक गैरसमज

ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, 'आयुष्मान वय वंदना' कार्ड मिळते. त्यावर वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार होतात. पण हे उपचार योजनेतील रुग्णालयात दाखल झाल्यावरचे आहेत. घरी ठेवलेल्या बाईचा पगार किंवा लंगोटांचा खर्च या कार्डावर मिळत नाही. तरीही कार्ड काढून ठेवावेच. खुब्याचे हाड मोडले तर त्या दिवशी कार्डासाठी धावाधाव नको.

घरी येणारी आरोग्यसेवा

ही मदत सर्वांत कमी मागितली जाते, आणि तिला उत्पन्नाची अट नाही. २०१०-११ पासून वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. घराबाहेर पडू न शकणाऱ्या वृद्धांकडे लक्ष देणे आणि त्यांची शुश्रूषा कशी करावी हे घरच्यांना शिकवणे, हे उपकेंद्राच्या कामात धरलेले आहे. म्हणून गावातील आशाताईंना सांगून आपल्या रुग्णाची नोंद करून घ्या. उपकेंद्रातील नर्सबाईंना घरी येण्याची विनंती करा. जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी वेगळा बाह्यरुग्ण विभाग व व्यायामोपचार यांची तरतूद आहे, तेथे हातापायांचे व्यायाम शिकून घ्या.

पगारी बाई नसली तरी शिकलेले हात फार मोठे काम करतात. रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी. चादर कोरडी व सुरकुत्यांविना ठेवावी. भरवताना पाठ उंच करून बसवावे, म्हणजे घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका कमी होतो. पाठीवर, टाचांवर, माकडहाडावर लालसर डाग दिसला की शय्याव्रणाची ती सुरुवात समजावी व नर्सबाईंना लगेच दाखवावे. व्रण चिघळला तर रुग्णालयात जावे लागते आणि खर्च अनेक पटींनी वाढतो.

कागद आधी, गरज मागून

आधारकार्ड, वयाचा पुरावा, शिधापत्रिका, रहिवासी व उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेले बँक पासबुक हे कागद, माणूस हिंडता-फिरता असतानाच, एका पिशवीत तयार ठेवावेत. लुळ्या माणसाला अंगठ्यासाठी रिक्षातून तहसीलला नेताना होणारे हाल मी पाहिले आहेत. अडचण आली तर ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या मोफत क्रमांकावर माहिती मिळते.

त्या गृहस्थांना मासिक मदत मिळाली नाही, उत्पन्न अटीत बसले नाही. पण आशाताईंनी नोंद केली, नर्सबाईंनी सूनबाईंना कूस बदलायला शिकवले, साधनांसाठी अर्ज दिला गेला. मी त्यांना आणखी एक सांगितले, ते आपणासही सांगतो. दिवसातून दोन तास मुलाने किंवा शेजारच्या नातलगाने वडिलांजवळ बसावे आणि सूनबाईंना झोपू द्यावे. सेवा करणारी आजारी पडली तर घरात एकाऐवजी दोन रुग्ण होतात, आणि त्या दुसऱ्या रुग्णासाठी कोणतीच योजना नाही.