गुलाबी गोळीमागील संशोधन

प्राथमिक शाळांतून पहिली ते पाचवीच्या विद्यार्थ्यांना आठवड्यातून एकदा एक गुलाबी गोळी दिली जाते. तीत 45 मिलिग्रॅम लोह व 400 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. गोळ्या वाटण्याचे व त्यांची नोंद ठेवण्याचे काम शिक्षकाकडे आहे. एखादे दिवशी एखाद्या मुलास मळमळते, ती वार्ता सायंकाळपर्यंत गावभर होते आणि दुसऱ्या दिवशी पालक शाळेच्या दाराशी येऊन विचारतात, ‘गुरुजी, ही गोळी कशासाठी?’ ‘वरून आदेश आहे’ एवढे उत्तर अशा वेळी पुरेसे होत नाही. ज्या शिक्षकास गोळीमागील शास्त्र ठाऊक आहे, त्याच्याच शब्दावर पालकांचा विश्वास बसतो. या शास्त्रातील एक महत्त्वाचे प्रकरण आपल्याच राज्याच्या राजधानीत, मुंबईत, घडलेले आहे.

मुंबईतील शोध

डॉ. ल्यूसी विल्स (1888–1964) या इंग्लंडमधील वैद्यकीय संशोधक 1928 साली मुंबईस आल्या. परळ येथील हाफकिन संस्थेत त्यांचे काम चाले. मुंबईत त्या काळी अनेक गरीब स्त्रिया, विशेषतः कापड गिरण्यांत राबणाऱ्या, गरोदरपणी तीव्र रक्तक्षयाने आजारी पडत व त्यांतील पुष्कळ दगावत. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे रक्त पाहिले असता तांबड्या पेशी संख्येने थोड्या, परंतु आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या दिसत.

विल्सबाईंनी प्रथम रोगजंतूंचा शोध घेतला. तो व्यर्थ ठरला. मग त्यांनी निरनिराळ्या समाजांतील स्त्रिया रोज काय खातात याची बारकाईने पाहणी केली. ज्यांच्या आहारात भाजीपाला, फळे व दूध यांचा तुटवडा, त्यांच्यात रोग अधिक, असे दिसून आले. तसाच निकृष्ट आहार पांढऱ्या उंदरांना दिला, तेव्हा तेही रक्तक्षयाने आजारी पडले. पुढे असे आढळले की, उंदरांच्या आजारास उवांमधून पसरणारा एक जंतूही कारण होता. ही अडचण त्यांनी लपविली नाही. माकडांवर प्रयोग करून व रुग्ण स्त्रियांवर उपचार करून त्यांनी आपले अनुमान पुन्हा पारखून पाहिले.

औषध सापडले ते साधे व स्वस्त होते. किण्वापासून, म्हणजे यीस्टपासून, तयार केलेला मार्माइट नावाचा अर्क दिल्यावर आजारी स्त्रियांच्या रक्तात सुधारणा झाली. हे निष्कर्ष 1931 साली प्रसिद्ध झाले. अर्कातील गुणकारी द्रव्य कोणते, हे मात्र त्या वेळी कळले नव्हते. म्हणून त्यास ‘विल्स घटक’ असे म्हणू लागले.

1941 साली अमेरिकेत सुमारे चार टन पालकाच्या पानांवर प्रक्रिया करून एक द्रव्य वेगळे करण्यात आले. पानास लॅटिन भाषेत ‘फोलियम’ म्हणतात, त्यावरून त्याचे नाव फॉलिक आम्ल पडले. ते कृत्रिम रीतीने तयार करण्याचे यश 1945 च्या सुमारास लेडर्ली प्रयोगशाळेस मिळाले. तेथील संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव.

लोह आणि फॉलिक आम्ल यांचे कार्य

तांबड्या पेशी हाडांतील मगजात तयार होतात. हे काम कुंभाराच्या कामासारखे आहे. लोह ही माती आणि फॉलिक आम्ल हे चाक, असे समजावे. माती अपुरी असेल तर मडकी लहान व पातळ होतात. लोह कमी पडले म्हणजे पेशी लहान व फिकट होतात. चाक अडखळू लागले तर मडकी मोजकी व बेढब निघतात. फॉलिक आम्लावाचून पेशींचे विभाजन नीट होत नाही, म्हणून त्या थोड्या व अवाजवी मोठ्या राहतात. दोन्ही परींनी शरीरास प्राणवायू कमी मिळतो. याच कारणासाठी एकाच गोळीत दोन्ही द्रव्ये घातली आहेत.

भारतात रक्तक्षय प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1970 साली सुरू झाला. तरीही 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. आज वर्गात बसलेली मुलगी उद्याची माता आहे. तिच्या रक्ताची काळजी लग्नानंतर घ्यावयाची नसते. ती आजपासून घ्यावयाची असते.

शिक्षकांनी काय करावे

1. गोळी मधल्या सुट्टीतील जेवणानंतर, आपल्या समक्ष द्यावी. उपाशीपोटी घेतल्यास मळमळण्याचा संभव अधिक असतो. गोळी घरी देऊन पाठवू नये.

2. शौचाचा रंग काळसर होणे हा लोहाचा परिणाम असून त्यात भय नाही, हे पालकांना आधीच सांगून ठेवावे.

3. ताप, जुलाब वा अन्य आजार असलेल्या मुलास त्या दिवशी गोळी देऊ नये. सिकलसेल, थॅलॅसेमिया यांसारखा विकार असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून देऊ नये.

4. शालेय पोषण आहारात प्राथमिक विद्यार्थ्यामागे 50 ग्रॅम भाजी धरलेली आहे. तीत माठ, चवळई, पालक, शेवग्याचा पाला यांचा वरचेवर समावेश असावा. भाजी आधी धुवावी, मग चिरावी. ती फार शिजवू नये व शिजवलेले पाणी फेकू नये, कारण फॉलिक आम्ल उष्णतेने नाश पावते व पाण्यात उतरते. चवळी, हरभरा व शेंगदाणे यांतूनही ते मिळते.

5. जेवणात लिंबू, आवळा किंवा पेरू असल्यास अन्नातील लोह शरीरास अधिक लागू पडते. जेवणाबरोबर चहा घेतल्यास उलट परिणाम होतो.

6. जंतनाशक दिनी एकही मूल वगळले जाऊ नये. आकडेकृमी आतड्यातील रक्त शोषतात. भांड्यास भोक असता वरून पाणी ओतण्यात अर्थ नाही.

शेवटी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फळ्याकडे पाहता पाहता ज्याचे डोळे मिटतात, पाढे म्हणताना ज्याचा आवाज खाली जातो, खेळाच्या तासाला जो कडेला बसून राहतो, तो मुलगा आळशीच असेल असे नाही. त्याच्या पापण्यांची आतली बाजू व नखे फिकट दिसतात काय, हे शिक्षकाने पाहावे. तशी दिसल्यास पालकांशी बोलून त्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीसाठी पाठवावे. छडीने किंवा रागावण्याने रक्त वाढत नाही. विल्सबाईंनी आजारी स्त्रियांना दोष न देता त्यांच्या ताटात काय वाढले जाते ते पाहिले. शिक्षकानेही मंद दिसणाऱ्या मुलाविषयी मत बनविण्यापूर्वी तेवढे अवश्य पाहावे.