चौथा वाटा आधी काढा



पगार झाला की दहा तारखेपर्यंत घर सुरळीत चालते. वीस तारीख उलटली की रिकामे डबे वाजू लागतात आणि पंचवीस तारखेला कुणाच्या तरी दारात हात पसरावा लागतो. आपल्या वस्त्यांतील बहुतेक घरांचे हे चित्र आहे. काटकसर आपल्या माता-भगिनींना कुणी शिकवायला नको. माता रमाई महिन्याच्या पैशाच्या तीस पुड्या बांधून रोज एकच पुडी सोडत, ही आठवण आपल्या घराघरांत सांगितली जाते. प्रश्न आहे तो काटकसर करूनही कर्ज का होते, हा.

नमुन्यादाखल कल्याणकडचे चौघांचे एक घर घेऊ. पती वॉचमन, पत्नी चार घरची धुणीभांडी करते, दोन मुले शाळेत. त्याचे १४,००० आणि तिचे ६,००० मिळून महिन्याला २०,००० रुपये येतात. त्यांचा जमाखर्च असा मांडता येईल :

बाजूला काढलेला वाटा – १,२००
खोलीचे भाडे – ५,०००
किराणा – ४,८००
दूध, भाजी, अंडी, मासळी – २,७००
गॅस व वीज – १,९००
शाळा, शिकवणी, वह्या – १,७००
रेल्वेचा पास व रिक्षा – ९००
कपडे, आला-गेला, वर्गणी – ७००
औषधपाणी – ६००
मोबाइल – ५००

बाजूला काढायची रक्कम सर्वांत वर लिहिली आहे, हे ध्यानात घ्या. आपण उरले तर टाकू म्हणतो आणि उरत कधीच नाही.

तथागतांनी सांगितलेली वाटणी

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला मिळकतीचे चार वाटे करायला सांगितले. एक वाटा उपभोगासाठी, दोन कामधंद्यासाठी आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवायचा. आज भाडे आणि किराण्यातच निम्मा पगार जातो. चौथा हिस्सा म्हणजे पाच हजार काढणे या घराला शक्य नाही. म्हणून हा वाटा लहान होईल, पण तो रद्द होता कामा नये.

तो रद्द झाला तर काय होते? घरात आजारपण आले आणि शेकडा दहा रुपये महिना व्याजाने दहा हजार काढले, तर महिन्याला हजार रुपये नुसते व्याज जाते. वर्षाला बारा हजार देऊनही मुद्दल जिथल्या तिथे! तेच घर दरमहा १,२०० बाजूला टाकत असेल, तर वर्षात १४,४०० रुपये जमतात. ही रक्कम घरात ठेवू नका. पोस्टात किंवा बँकेत, शक्यतो गृहिणीच्या नावावर टाका.

त्याच सुत्तात संपत्तीला लागणारी सहा छिद्रे सांगितली आहेत : मद्यपान, अवेळी भटकणे, नाचतमाशांचा नाद, जुगार, वाईट संगत आणि आळस. आठवड्याला तीनशे रुपयांची दारू म्हटली, तरी चार आठवड्यांत १,२०० होतात. म्हणजे चौथा वाटाच! पाचवे शील पाळले तर तो परत मिळतो.

जड महिने आधी ओळखा

आपल्या घरांचे काही महिने ठरलेले जड असतात. एप्रिलमध्ये जयंती, जूनमध्ये शाळा, अशोक विजयादशमीला दीक्षाभूमी आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमी. तारखा आधीच ठाऊक असतात. मग त्यासाठी उसनवारी का? जयंतीच्या नव्या कपड्यांपेक्षा जूनची पुस्तके महत्त्वाची, हे मुलांनाही समजावून सांगा. शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेवर भरा, पण ती हातात येईपर्यंत जमेला धरू नका.

जमेची बाजूही तपासा

घर पुरत नाही, याचा सारा दोष चुलीजवळ बसणाऱ्या बाईवर टाकू नका. बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४६ मध्ये त्यांनी किमान वेतनाचे विधेयक मांडले आणि १९४८ मध्ये तो कायदा झाला. बारा तासांची ड्युटी करून वॉचमनला पूर्ण वेतन मिळते का, ओव्हरटाइम मिळतो का, फंड खात्यात जमा होतो का, हे विचारलेच पाहिजे. एकट्याने विचारायला भीती वाटत असेल, तर चौघांनी मिळून, युनियनमार्फत विचारा. खर्चातून शंभर रुपये वाचवायला महिनाभर मन मारावे लागते. हक्काचा पगार मिळाला, तर तेवढ्याने कितीतरी ओढाताण थांबते.

येत्या पगाराच्या रात्री वंदना झाल्यावर पती-पत्नीने मुलांना जवळ घेऊन बसावे. एक साधी वही घ्यावी, वरच्या ओळीत मिळकत लिहावी आणि तिच्याखाली चौथा वाटा. शिकणाऱ्या मुलीच्या हाती पेन द्यावे. हिशेब सर्वांसमोर झाला, तर पैसा कुठे गेला यावरून भांडण उरत नाही आणि मुलांनाही आपल्या शिक्षणाची किंमत कळते.