स्पर्शक द्रव्ये, रेडिओ-कंप्रता चाचणी केबलींची

रेडिओ-कंप्रतेच्या उपकरणांची तपासणी करताना मापनयंत्र व उपकरण समाक्ष केबलीने जोडतात. केबलीच्या टोकाच्या कनेक्टरमध्ये मध्यवर्ती पिन आणि तिला पकडणारे, उभ्या चिरा पाडलेले सॉकेट हे मुख्य स्पर्शक असतात. त्यांभोवतीचा बाह्य संवाहक आट्यांच्या नटाने घट्ट बसतो. उपकरणात कायम बसविलेला कनेक्टर क्वचितच उघडला जातो, चाचणी केबलीचा मात्र दिवसातून अनेकदा. त्यामुळे येथे द्रव्य निवडताना केवळ संवाहकतेकडे पाहून चालत नाही. स्पर्शक झिजला की स्पर्शरोध प्रत्येक जोडणीगणिक बदलतो आणि केबलीचा दोष तपासल्या जाणाऱ्या उपकरणाच्या माथी बसतो. चांगला माल नाकारला जातो किंवा सदोष माल पुढे जातो.

सॉकेटचा दाब वर्षानुवर्षे टिकला पाहिजे. पितळ स्वस्त व कातण्यास सोपे असले, तरी वारंवार ताणल्याने त्याच्या पाकळ्या सैल पडतात. फॉस्फर ब्राँझ त्याहून बरे. सर्वांत भरवशाचे द्रव्य म्हणजे सु. २ टक्के बेरिलियम असलेले तांबे. त्याची संवाहकता शुद्ध तांब्याच्या सु. एक-चतुर्थांशच असते, परंतु मऊ अवस्थेत घडवून, पाकळ्या आत वळवून, ते सु. ३१५° से. तापमानास दोन-तीन तास ठेवले की स्प्रिंगच्या पोलादासारखी लवचिकता त्यात येते. बेरिलियमयुक्त धूळ फुप्फुसांना घातक असल्याने ते घासताना विशेष दक्षता घ्यावी लागते.

कमी संवाहकतेची उणीव विलेपनाने भरून निघते. उच्च कंप्रतेचा प्रवाह संवाहकाच्या पृष्ठालगतच वाहतो. सोन्यात ही खोली १ गिगॅहर्ट्‌झला सु. २·५ मायक्रॉन, तर १८ गिगॅहर्ट्‌झला सु. ०·६ मायक्रॉन असते. चांगल्या स्पर्शकांवर सोन्याचा थर साधारणतः १·२७ मायक्रॉन असतो. शुद्ध सोने मऊ असल्याने त्यात अत्यल्प कोबाल्ट मिसळून ते कठीण करतात. हा मुलामा श्रीमंती थाट समजणे चुकीचे होईल. सोन्यावर ऑक्साइडाचा पापुद्रा धरत नाही, हेच त्याच्या वापराचे कारण आहे.

चांदी सर्वांत उत्तम संवाहक असली, तरी ती मऊ असते आणि गंधकयुक्त हवेत काळी पडते. पनवेलसारख्या ठिकाणी हा प्रश्न पुस्तकी नाही. एका अंगाला खाडी व तिचा कुजट चिखल, तालुक्यातच तळोजाची औद्योगिक वसाहत आणि जून ते सप्टेंबर दमट हवा, अशा परिसरात मुलाम्याच्या सूक्ष्म छिद्रांतून आतील तांबे गंजण्याचाही धोका असतो. याच तालुक्यात खारघर येथे सूक्ष्मतरंग इलेक्ट्रॉनिकीत काम करणाऱ्या ‘समीर’ (स्थापना १९८४) या संस्थेचे केंद्र आहे.

तांबे सोन्यात शिरू नये म्हणून मध्ये निकेलचा थर देतात. निकेल मात्र चुंबकीय आहे. सोन्याचा थर पातळ असल्यास १ गिगॅहर्ट्‌झच्या आसपास प्रवाहाचा काही भाग निकेलातून जातो व ऊर्जाव्यय वाढतो. शिवाय प्रबळ संदेश एकत्र आल्यास नको असलेल्या नव्या कंप्रता उद्‌भवतात. नवीन पनवेल येथील भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे कार्यक्षेत्र असलेल्या सूक्ष्म चुंबकीय मापनात तर संवेदकाजवळ निकेल नसलेलेच बरे. अशा ठिकाणी तांबे, कथील व जस्त यांच्या मिश्रधातूचे अचुंबकीय, सहसा न काळवंडणारे विलेपन उपयोगी पडते.

बाह्य भागासाठी चाचणी केबलीत पितळाऐवजी अगंज पोलाद वापरतात, कारण त्याचे आटे लवकर झिजत नाहीत. सामान्य एसएमए कनेक्टर सु. ५०० जोडण्यांसाठी योजलेला असतो. म्हणून महागड्या मापनयंत्राच्या तोंडाशी सहज बदलता येणारा एक लहान जोड-तुकडा लावून ठेवतात. झीज त्याच्यावर जाते. नट पिळताना केबल फिरू देऊ नये, अन्यथा पिन सॉकेटमध्ये घासून मुलामा खरवडला जातो. पिनेची खोली मापकाने वेळोवेळी तपासतात. प्रमाणाबाहेर पुढे आलेली एक पिन समोरचे प्रत्येक सॉकेट बिघडवीत जाते.