परसातल्या गोठ्यात वीज नेताना

घरात वीज आली, दिवे लागले. मग मनात येते, गोठ्यातही एक दिवा हवा. पहाटे धारा काढायच्या असतात. रात्री-अपरात्री गाय विते. पावसाळ्यात साप-किरडू निघते. गोठ्यात उजेड हवाच. पण तो न्यावा कसा?

पुष्कळ ठिकाणी काय करतात? घरातल्या बोर्डात दोन पदरी वायर खुपसतात. ती खिडकीतून बाहेर काढतात, कपडे वाळत घालायच्या तारेला गुंडाळतात आणि पत्र्यावरून गोठ्यात सोडतात. दिवा लागतो. "झालं काम!" म्हणून घरधनी निवांत झोपतो. पण खरे भय इथूनच सुरू होते.

वारा सुटला की वायर पत्र्याच्या धारेवर घासते. उन्हाने तिचे प्लॅस्टिक तडकते. उंदीर ते कुरतडतात. एक दिवस आतली तार उघडी पडते. ती पत्र्याला टेकली की पत्रा, लोखंडी खांब, दावणीची साखळी, कपड्यांची तार, सगळ्यांत वीज उतरते. डोळ्यांना काही दिसत नाही. दिवा जळतच राहतो. सकाळी घरातले कोणी ओले कपडे तारेवर टाकायला जाते, आणि घात होतो.

गोठ्यात हे भय अधिक. तिथली जमीन शेणामुताने ओली असते. ओलीतून वीज सहज वाहते. आपण बहुधा अनवाणी असतो. गाय तर चारही पायांनी ओलीत उभी, शिवाय बांधलेली. तिला पळता येत नाही. आपल्याला कळणारही नाही इतकी थोडी वीज तिला जाणवते. म्हणून गाय एकाएकी हौदाच्या पाण्याला तोंड लावीना, किंवा धारेला बुजू लागली, तर लगेच नजर लागली म्हणू नका. गुरांच्या डॉक्टरांना दाखवाच, पण वीज बंद करून वायरही तपासून घ्या.

कोणी म्हणेल, "गुरुजी, आमच्या घरात एमसीबी आहे. मग भीती कसली?" तर ऐका. एमसीबी वायरीला जपते, माणसाला नव्हे. ६ अँपिअरची एमसीबी ६,००० मिलीअँपिअरपर्यंत गप्प बसते. माणसाचा जीव घ्यायला त्याच्या शंभराव्या भागाइतकी वीजही पुरे होते. माणसाला जपणारे यंत्र वेगळे. त्याचे नाव आरसीसीबी. ३० मिलीअँपिअर वीज भलत्या वाटेने गळू लागली की ते डोळ्याचे पाते लवते न लवते तोच वीज तोडते. ९ वॅटचा लहान दिवासुद्धा याहून जास्त वीज घेतो. ३० मिलीअँपिअरचेच यंत्र मागून घ्यावे. त्यावर 'टी' अक्षराचे बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबून पाहावे. वीज गेली तर यंत्र जागे आहे. न गेली तर बदलून घ्यावे.

आता योग्य रीत सांगतो.

१. वायर तीन पदरी घ्यावी. तिसरा, हिरवा पदर अर्थिंगचा. अर्थिंग म्हणजे गळालेल्या विजेला जमिनीत जायची सोपी वाट. गोठ्याचे लोखंडी खांब आणि पत्रे त्याला जोडून घ्यावेत. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालावे.

२. जमिनीखालून न्यायची तर चिलखती केबल घ्यावी आणि सुमारे अडीच फूट खोल पुरावी, म्हणजे कुदळ लागणार नाही. वरून न्यायची तर कडब्याने भरलेली गाडी खालून जाईल इतकी उंच असावी. झाडाला, पत्र्याला, कपड्यांच्या तारेला ती टेकू नये.

३. गोठ्यात वेगळा बंद डबा बसवावा. त्यात गोठ्यापुरते बटण, एमसीबी आणि आरसीसीबी असावी. डबा गुरांच्या शिंगांपासून आणि पाण्यापासून दूर असावा.

४. कडबाकुट्टी यंत्र दिव्याच्या वायरीवर लावू नये. २ अश्वशक्तीचे यंत्र ९ वॅटच्या दिव्याच्या दीडशेपटीहून जास्त वीज ओढते. बारीक वायर तापते आणि वैरणीला आग लागते. त्याला जाड वायर हवी, आणि वीज कंपनीकडून मंजूर भार वाढवून घ्यावा लागेल का, तेही विचारावे.

कायदाही ध्यानात ठेवा. दिवा, बटण किंवा फ्यूज बदलण्यासारखी किरकोळ कामे सोडली, तर नवी वायर ओढण्याचे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावे लागते. त्याच्याकडून तपासणीचा कागद मागून घ्या. आता तुम्हाला वाचता येते, तो वाचून ठेवा. खांबावर आकडा टाकणे ही चोरी आहे. २००३ च्या वीज कायद्यात तिला तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही सांगितले आहेत. शेतीपंपाची वीजही घराकडे वळवू नये.

आणि कोणी विजेला चिकटलाच, तर त्याला हात लावू नका. आधी मुख्य बटण बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने वायर दूर सारा. मग १०८ ला फोन करा.

"चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला" असे कोणी म्हणेल. एका दिव्यासाठी एवढा खर्च! पण मंडळी, हा खर्च दिव्याचा नाही. त्या दिव्याखाली धार काढणाऱ्या माणसाचा जीव राखण्याचा आहे.