वहीत रकाना नव्हता तेव्हा

बॉस्टन सेल्टिक्स या बास्केटबॉल संघाच्या विक्रमांच्या यादीत ‘ब्लॉक’ या सदरात पहिलं नाव रॉबर्ट पॅरिशचं आहे. समोरच्याने बास्केटकडे फेकलेला चेंडू हवेतच अडवणं म्हणजे ब्लॉक. पॅरिशने सेल्टिक्सकडून १,७०३ वेळा तसं केलं. बिल रसेल मात्र या सदरात कुठेच सापडत नाही. बचावावर सामने जिंकता येतात हे ज्याने अमेरिकेला दाखवलं, त्याच्या खात्यावर अधिकृत ब्लॉक एकही नाही! रसेल १९५६ ते १९६९ या काळात खेळला आणि एनबीए या लीगने ब्लॉक व स्टील (समोरच्याकडून चेंडू हिसकावणं) मोजायला सुरुवात केली ती १९७३-७४च्या मोसमात.

मोजणी झाली असती तरी अर्धीच गोष्ट कळली असती. रसेल अडवलेला चेंडू प्रेक्षकांत भिरकावून टाळ्या घेत नसे. शक्यतो तो हलकेच आपल्या साथीदाराकडे ढकलायचा आणि तिथूनच संघाची चढाई सुरू व्हायची. ब्लॉक त्याचा, पुढचे दोन गुण दुसऱ्याचे.

जे मोजलं गेलं तेही थोडंथोडकं नाही. रसेलचे रिबाउंड, म्हणजे चुकलेल्या फटक्यानंतर ताब्यात घेतलेले चेंडू, २१,६२०, तेही ९६३ सामन्यांत. दुसऱ्या क्रमांकावरचा पॅरिश त्याच्यापेक्षा जवळपास दीडशे सामने जास्त खेळला, तरी ११,०५१ वर थांबला. ५ फेब्रुवारी १९६० रोजी सिरॅक्यूजविरुद्ध रसेलने एकाच सामन्यात ५१ रिबाउंड घेतले. आता, त्या काळी नेम फार चुकायचे हेही खरं. सेल्टिक्सच्याच बॉब कूझीसारख्या जादूगाराचेही शंभरातले जेमतेम ३७-३८ फटके बास्केटमध्ये जात. फटके चुकले की रिबाउंड वाढणारच. पण ही सवलत त्या पिढीतल्या सगळ्यांनाच होती, आणि १३ मोसमांत ११ अजिंक्यपदं मिळवली ती रसेलनेच. त्यांतली शेवटची दोन त्याने खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दुहेरी भूमिकेत जिंकली.

असिस्टमध्ये, म्हणजे साथीदाराला गुण करून देणाऱ्या पासमध्ये, आजही कूझीच पुढे आहे : ६,९४५. सलग आठ मोसम तो लीगमध्ये पहिला होता. २७ फेब्रुवारी १९५९ रोजी मिनिआपोलिस लेकर्सला १७३-१३९ असं झोडपताना त्याने एकट्याने २८ असिस्ट दिले.

गुणांत अव्वल आहे जॉन हॅव्हलिचेक. १६ मोसम, १,२७० सामने, २६,३९५ गुण. हा माणूस कारकिर्दीतली कित्येक वर्षं सामना सुरू होताना बाकावर बसलेला असे. प्रशिक्षक रेड ऑरबाख त्याला सहावा गडी म्हणून उतरवत. १९७८ साली तो निवृत्त झाला. पुढच्याच वर्षी तीन गुणांची रेषा आली आणि १२ ऑक्टोबर १९७९ रोजी एनबीएतला पहिला ‘थ्री’ नोंदवला तो सेल्टिक्सच्याच क्रिस फोर्डने. हॅव्हलिचेकच्या गुणांत ‘थ्री’ औषधालाही नाही.

या यादीतली मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट म्हणजे एक उणीव. विसाव्या शतकात सेल्टिक्सने १६ अजिंक्यपदं मिळवली, पण त्या शतकात त्यांचा एकही खेळाडू मोसमात लीगचा सर्वाधिक गुणांचा मानकरी ठरला नाही. हा योगायोग नव्हे. ऑरबाख यांनी संघच तसा बांधला होता, आणि ती सवय त्यांच्यानंतरही टिकली.

लॅरी बर्डच्या १९८५च्या मोसमात ती दिसते. १८ फेब्रुवारीला युटाविरुद्ध तीन सत्रांतच त्याचे ३० गुण, १२ रिबाउंड, १० असिस्ट आणि ९ स्टील झाले होते. आणखी एक स्टील, की चारही आकडे दोन अंकी. सामना खिशात होता. बर्ड चौथ्या सत्रात उतरलाच नाही. पण हा संन्यास नव्हता बरं का! ३ मार्चला केव्हिन मॅकहेलने डेट्रॉइटविरुद्ध ५६ गुण करून संघाचा विक्रम मोडला आणि दमून बाहेर बसला. ‘साठ करायचे होतेस’, अशा अर्थाचं बर्डने त्याला सुनावलं. नऊ दिवसांनी अटलांटाविरुद्ध त्याने स्वतःच ६० केले. त्याचे फटके पाहून अटलांटाच्या बाकावरच्या खेळाडूंनाही हर्ष आवरेना. ३० एप्रिल २०२१ रोजी सेल्टिक्सच्याच जेसन टेटमने सॅन अँटोनिओविरुद्ध त्या ६० गुणांची बरोबरी केली. त्या सामन्यात ३२ गुणांनी मागे पडलेला सेल्टिक्सचा संघ जादा वेळेत जिंकला.

सेल्टिक्सच्या सभागृहात छताला मोठ्या खेळाडूंचे क्रमांक टांगलेले असतात. त्यात एका जागी क्रमांकच नाही, नुसतं ‘लॉस्की’ लिहिलंय. हा जिम लॉस्कॉटॉफ. सामन्यामागे सहाच्या आसपास गुण, कुठल्याही सदरात पहिल्या ओळीत नाव नाही. काम एकच, रसेल-कूझीला कुणी धक्काबुक्की केली तर मध्ये उभं राहायचं. त्या काळात सात अजिंक्यपदं त्याच्याही वाट्याला आली. क्लबने त्याचा १८ क्रमांक निवृत्त करायचं ठरवलं, तेव्हा पुढच्या कुणालातरी तो घालता यावा म्हणून त्याने नको म्हटलं. तो पुढे डेव्ह कॉवेन्सला मिळाला, आणि कॉवेन्सने इतकं कमावलं की १८ शेवटी छताला गेलाच.