काळ्या मातीची रशियन बाराखडी

लातूरच्या शिकवणीच्या गल्ल्यांत रशियाचं नाव निघालं की पुढचा शब्द ठरलेला, एमबीबीएस. नांदेडलाही वेगळं नाही. नीटचे गुण थोडक्यात हुकतात, खासगी महाविद्यालयाची फी झेपत नाही आणि घरात रशियाची चर्चा सुरू होते. सहा वर्षांचा हिशेब मांडला जातो, वसतिगृहाची आणि जेवणाची चौकशी होते, परत आल्यावरच्या परीक्षेची धास्ती बोलून दाखवली जाते. एवढ्या मोठ्या देशाशी मराठवाड्याची ओळख या एकाच कामापुरती राहिली आहे. शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या, भूगोल किंवा पर्यावरणशास्त्र शिकणाऱ्या मुला-मुलींना तिथे जाण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते त्यांच्या पायाखालीच आहे.

उन्हाळी सुट्टीत काही आठवडे परदेशी राहून रशियन भाषा आणि पर्यावरण एकत्र शिकायचे अभ्यासक्रम असतात. सकाळी भाषेचे तास आणि दुपारी माती, पाणी, जंगल यांचा अभ्यास, मध्येमध्ये मुक्कामी क्षेत्रभेटी. सकाळी वर्गात शिकलेला शब्द दुपारी नदीकाठी वापरावाच लागतो, कारण सोबतच्या वनरक्षकाला किंवा कोळ्याला इंग्रजी येत नसतं. अमेरिकेतल्या वेल्स्ली कॉलेजात जीवशास्त्राच्या मरियन मूर आणि रशियन भाषेचे टॉमस हॉज यांनी मिळून बैकाल सरोवरावर असाच एक अभ्यासक्रम उभा केला. विद्यार्थिनींना ते उन्हाळ्यात थेट सायबेरियात, सरोवराच्या काठी घेऊन जात.

बैकालच का? १६४२ मीटर खोल असलेलं हे जगातलं सर्वांत खोल सरोवर आहे. पृथ्वीवरच्या न गोठलेल्या गोड्या भूपृष्ठजलापैकी सुमारे पाचवा हिस्सा एकट्या या सरोवरात आहे. पण मला त्याहून मोठी वाटते ती एका घराण्याची चिकाटी. १९४५ पासून इर्कुत्स्क विद्यापीठाचे मिखाईल कोझोव्ह दर आठवड्या-दीड आठवड्याला सरोवरातल्या ठरलेल्या जागी जाऊन पाण्याचं तापमान आणि त्यातले सूक्ष्म जीव मोजू लागले. हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून मोजायचे. त्यांच्यानंतर हे काम मुलगी ओल्गा यांनी चालवलं आणि पुढे नात ल्युबोव्ह इझ्मेस्तिएवा यांनी. देशाचं नाव बदललं, सरकारं बदलली, पैसा आटला, तरी नोंद थांबली नाही. त्या नोंदींवरचा शोधनिबंध २००८ मध्ये इंग्रजीत आला, तेव्हा पृष्ठभागाजवळचं पाणी १९४६ पासून १.२१ अंश सेल्सिअसने तापल्याचं जगाला कळलं. त्याच्या लेखकांत मूर यांचंही नाव आहे. साठ वर्षांची ही नोंदवही रशियन भाषेत होती. ज्याला ती भाषा येत नव्हती, त्याच्यासाठी ती मिटलेलीच होती.

आता आपल्या मातीकडे येऊ. टैगा, टुंड्रा, स्टेप, चर्नोझेम हे शब्द आपण शाळेत भूगोलाच्या पुस्तकात पाठ केले. ते रशियनमधून आले हे बहुधा कोणी सांगितलं नाही. ‘चोर्नी’ म्हणजे काळा आणि ‘झेम्ल्या’ म्हणजे जमीन. चर्नोझेम म्हणजे सरळसरळ काळी जमीन. मातीच्या शास्त्राची पायाभरणी ज्यांनी केली, त्या वासिली दोकुचायेव यांचा ‘रशियन चर्नोझेम’ हा ग्रंथ १८८३ मध्ये निघाला. हवामान, सजीव, खालचा खडक, जमिनीचा उतार आणि काळ या पाचांच्या मेळातून माती घडते, हा विचार त्यांनी मांडला. माती म्हणजे खडकाचा नुसता भुगा, ही समजूत तिथून मागे पडली.

आपली काळी आणि त्यांची काळी दिसायला बहिणी, पण काळेपणाचं कारण निराळं. त्यांच्याकडे स्टेपच्या गवताची मुळं हजारो वर्षं जमिनीतच कुजत राहिली, थंडीमुळे कुजण्याचा वेग कमी राहिला आणि सेंद्रिय पदार्थ साठत गेला. काळा थर कित्येक ठिकाणी मीटरभर खोल आणि त्यात सेंद्रिय पदार्थ चार ते दहा टक्के, काही ठिकाणी त्याहूनही जास्त. आपली माती दख्खनच्या लाव्हारसाच्या बेसाल्ट खडकातून झिजून आली. तिचा रंग तिच्यातल्या खनिजांचा आणि चिकणमातीला बिलगलेल्या थोड्याशा सेंद्रिय अंशाचा. पाणी मिळालं की ती फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. माती परीक्षणाच्या कागदावर आपल्याकडे सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याच्या आतच दिसतो. मोजण्याची रीत थोडी वेगळी धरली, तरी अंतर फार मोठं आहे. आपली जमीन काळी आहे म्हणून ती कसदारच असणार, हा भ्रम मोडायला चर्नोझेमशेजारी उभं राहून पाहण्यासारखा धडा नाही.

दोकुचायेव यांचं आणखी एक काम मराठवाड्याला जवळचं वाटेल. १८९१ मध्ये रशियाच्या त्या काळ्या पट्ट्यात भीषण दुष्काळ पडला, माणसं उपासमारीने मेली. पुढच्याच वर्षी त्यांनी वोरोनेझ प्रांतातल्या कामेन्नाया स्टेप या ठिकाणी प्रयोग सुरू केला. वारा अडवणारे झाडांचे पट्टे, घळींना आवर, पाणी साठवणारी तळी. जमीन, पाणी आणि झाडं यांचा एकत्र विचार करणारं ते काम आजही त्यांच्या नावाच्या संशोधन केंद्रात पुढे चालू आहे. बांध-बंदिस्ती आणि शेततळी यांवर वाढलेल्या आपल्या मुलांना ते पाहताना परकं वाटणार नाही.

आता भाषेची भीती. ३३ अक्षरं, सहा विभक्ती, तीन लिंगं, असं सांगितलं की इंग्रजी बोलणारा दचकतो. मराठी मुलाने दचकायचं कारण नाही. तो, ती, ते ही तिन्ही लिंगं त्याच्या तोंडात आहेत, विभक्ती त्याने शाळेत घोकल्या आहेत. चमच्यातला च आणि चहातला च यांतला फरक त्याला जन्मतः कळतो, आणि रशियनमध्ये या दोन आवाजांना दोन वेगळी अक्षरं आहेत. झाडातल्या झच्या जवळचा आवाजही तिथे भेटतो. खरी मौज निसर्गाच्या शब्दांत आहे. आकाशाला ते ‘नेबो’ म्हणतात, आपला नभ. आगीला ‘अगोन’, आपला अग्नी. मधाला ‘म्योद’, हिवाळ्याला ‘झिमा’, म्हणजे मधु आणि हिम. झाडाला ‘देरेवो’, म्हणजे देवदारातला दारु. वाऱ्याला ‘वेतेर’, तो आपल्या वाताचा नातलग. हे योगायोग नाहीत, एकाच मूळ भाषाकुळाच्या खुणा आहेत. पर्यावरणाच्या अंगाने रशियन शिकणं मराठी माणसाला सोपं जाईल असं मी म्हणतो, ते या शब्दांच्या भरवशावर.

एक शब्द तर मला फार आवडतो. पाऊस पडून गेल्यावर जमीन ना चिखल ना कोरडी, औताला नेमकी जोगी होते, तिला आपण वापसा आला म्हणतो. इंग्रजीत त्याला एका शब्दात सांगता येत नाही. रशियन कृषिशास्त्रात मात्र त्यासाठी नेमकी संज्ञा आहे, ‘स्पेलोस्त पोच्वी’, म्हणजे जमिनीचं पिकणं, फळासारखं. वापसा म्हणजे काय हे औसा-निलंग्याच्या मुलीला समजावून सांगावं लागत नाही. तिला फक्त त्याचं रशियन नाव शिकायचं आहे.

आपल्या पावसाचं रशियन वर्णनही जुनं आहे. त्वेर गावचा व्यापारी अफनासी निकितिन पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात चौलला उतरला, जुन्नरला पावसाळाभर अडकला आणि पुढे उदगीरच्या शेजारच्या बिदरला बराच काळ राहिला. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, आणि त्यातच लोक पेरणी करतात, याचं त्याला नवल वाटलं होतं.

आज कुठे जाता येईल? फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटल्यावर पाश्चात्त्य विद्यापीठांनी रशियातले बहुतेक अभ्यासक्रम बंद केले. रशियन शिकणारे विद्यार्थी किर्गिझस्तान, कझाकस्तान, जॉर्जियाकडे वळले. मध्य आशियातल्या संशोधकांची कामाची भाषा अजूनही मोठ्या प्रमाणात रशियन आहे. आणि लातूरच्या मुलाने आधी काय पाहावं असं मला विचाराल, तर मी बैकालच्या आधी अरल समुद्राचं नाव घेईन. एके काळी जगातलं चौथ्या क्रमांकाचं सरोवर. १९६० च्या दशकापासून आमू आणि सीर या त्याच्या नद्यांचं पाणी कापसाकडे वळवलं आणि सरोवर आटत गेलं, बोटी वाळूत उभ्या राहिल्या. २००५ मध्ये कझाकस्तानने कोकराल धरण पूर्ण केलं, तेव्हा उत्तरेकडच्या छोट्या भागात पाणी आणि मासे परतले. लातूरला ही गोष्ट परकी नाही. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली, त्या काळातही मांजरा नदीच्या खोऱ्यात ऊस उभा होता. पाण्याने पीक निवडायचं की पिकाने पाणी ओढायचं, हा प्रश्न अरलच्या कोरड्या तळावर उभं राहून विचारला, तर त्याचं उत्तर टाळता येत नाही.

घरच्यांसाठी काही गोष्टी स्पष्ट सांगतो. निघण्यापूर्वी निदान प्राथमिक पातळीची भाषा हवी. रशियन भाषेच्या अधिकृत परीक्षेत त्या पातळीला सुमारे ७८० शब्द अपेक्षित असतात, विद्यापीठप्रवेशाच्या पातळीला सुमारे २३००. शिकायला पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट, मुंबई विद्यापीठाचा रशियन विभाग आणि मुंबईतलं रशियन हाउस या जागा आहेत. रशियन सरकारच्या शिष्यवृत्त्यांची माहितीही रशियन हाउसमध्ये मिळते. एजंटाच्या शब्दावर कोणीही निघू नये. नोकरीच्या आमिषाने रशियात गेलेले काही भारतीय तरुण युद्धआघाडीवर पोचल्याचं २०२४ मध्ये उघड झालं, आणि त्याच वर्षी मे महिन्यात बिश्केकमध्ये जमावाने परदेशी विद्यार्थ्यांवर हल्ले केले. विद्यापीठाचं लेखी पत्र, शिक्षणासाठीचाच व्हिसा आणि तिथल्या भारतीय दूतावासाकडे नोंद, या तीन गोष्टींशिवाय मुलाला विमानात बसवू नका.

मोठी अडचण वेळापत्रकाची आहे. त्यांचा उन्हाळा जून ते ऑगस्ट, म्हणजे आपल्या पेरणीचे दिवस आणि महाविद्यालयं सुरू होण्याची वेळ. हजेरी बुडते, सत्र बुडतं, म्हणून मुलं अर्जच करत नाहीत. यावर उपाय नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या हातात आहे. नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्रप्रकल्पाला श्रेयांक आहेतच. परदेशातल्या अशा अभ्यासक्रमाचे आठवडे त्यात धरावेत, नांदेडच्या आवारात आणि लातूरच्या उपकेंद्रात रशियनचा प्राथमिक वर्ग सुरू करावा, आणि पुढच्या उन्हाळ्यासाठी दहा जागा जाहीर कराव्यात. त्या दहांतल्या निम्म्या जागा शेतकऱ्यांच्या मुलींसाठी राखून ठेवाव्यात, एवढीच माझी विनंती आहे.